लॅपटॉप घेताय? आधी कामाची यादी करा, मग स्टिकर वाचा

सीईटीचा निकाल लागतो, कॅपच्या फेऱ्या संपतात, प्रवेश पक्का होतो आणि धरणगावच्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. कोणाचा मुलगा बांभोरीला इंजिनिअरिंगला लागलेला असतो, कोणाची मुलगी जळगावला बीसीएला किंवा बीकॉमला. चाळीस-पन्नास हजार रुपये ही शेतकरी घरात छोटी रक्कम नाही. कापूस विकला तेव्हापासून ती बाजूला काढून ठेवलेली असते. आणि तरीही हा निर्णय बहुतेक वेळा गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या काउंटरवर, अर्ध्या तासात, ऐकीव माहितीवर होतो. ही ऐकीव माहिती बहुधा दहा वर्षांपूर्वीची असते. तेव्हा ती बरोबर होती, म्हणूनच ती अजून टिकून आहे.

‘आय-सेव्हन म्हणजे सगळ्यात भारी’ हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे एकाच पिढीतले वर्ग आहेत. पिढी बदलली की ही तुलना निकामी होते. २०१६ साली आलेल्या कोअर आय-सेव्हन ७५००यू या प्रोसेसरमध्ये फक्त २ कोअर होते. २०२२ मध्ये आलेल्या साध्या आय-थ्री १२१५यू मध्ये ६ आहेत, आणि रोजच्या कामात तो त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. म्हणून आय-फाइव्ह की आय-सेव्हन हे विचारण्याआधी पुढचा पूर्ण आकडा वाचा. इंटेलच्या या मालिकेत ७५०० म्हणजे सातवी पिढी, १२१५ म्हणजे बारावी. शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा.

एएमडीच्या रायझनमध्ये तर आणखी बारकाईने पाहावं लागतं. रायझन फाइव्ह ७५२०यू आणि रायझन फाइव्ह ७५३०यू ही नावं शेजारी ठेवली तर फरक एका अंकाचा. दोन्ही ‘रायझन फाइव्ह, ७००० मालिका’ म्हणूनच विकले जातात. पण पहिल्यात ४ कोअर आहेत आणि त्याची रचना झेन-२ ही २०१९ची, दुसऱ्यात ६ कोअर आणि त्यापुढची झेन-३. या मालिकेत रचनेची पिढी तिसऱ्या अंकात लिहिलेली असते. दुकानदार हे सांगेलच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर मोबाइलवर शोधायला दोन मिनिटं लागतात. ती काढाच.

आय-सेव्हनचा हाच समज सेकंडहँड लॅपटॉप घेताना जास्त नडतो. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, साफसूफ केलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात आणि त्यांची बांधणी खरोखर मजबूत असते. ते वाईटच असतात, हाही गैरसमज. पण विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह टायपिंगच्या सरावाला किंवा लिनक्स शिकायला चालेल, चार वर्षांच्या डिग्रीला तो घेऊ नका. आणि जुना घ्यायचाच असेल तर दुकानातच बॅटरी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आदेश देऊन बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शेजारी दिसतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावात धरा.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. १ टीबी ऐकायला मोठं वाटतं, पण ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी त्याच वेळात हजारो एमबी वाचते. मशीन सुरू होणं, टॅली उघडणं, फाइल सेव्ह होणं, सगळ्यात हा फरक जाणवतो. कॉलेजच्या कामाला ५१२ जीबी पुरते. घरी आल्यावर ती ४७६ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराला बोल लावू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच तो फरक.

रॅमचं मात्र नीट विचारून घ्या. ‘आता ८ जीबी घ्या, पुढे वाढवू’ हे सर्रास सांगितलं जातं. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर झाळलेली असते, ती कधीच वाढत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याच ८ जीबीतला काही भाग पडद्याच्या कामाला जातो. रिकामा स्लॉट आहे का, हे बिल होण्याआधी विचारा. नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

‘इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच लागतो’ हेही खरं नाही. सी, जावा, पायथन शिकायला आजचा कोणताही बरा लॅपटॉप पुरतो. ऑटोकॅडमध्ये साधी द्विमितीय रेखाटनं करायलाही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. सॉलिडवर्क्समधल्या मोठ्या असेंब्ली, त्रिमितीय रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग, मशीन लर्निंग यांना ते लागतं. ज्याला लागतं त्याने जरूर घ्यावं, पण किंमत ओळखून: असे लॅपटॉप बहुधा दोन किलोच्या वर भरतात, चार्जर वेगळा जड आणि बॅटरी लवकर उतरते. धरणगावहून रोज एसटीने किंवा रेल्वेने अप-डाउन करणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे ओझं चार वर्षं राहणार आहे. कॉमर्सवाल्यांची अडचण वेगळी. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, त्यामुळे मॅकबुक कितीही सुंदर असलं तरी अकाउंट्स शिकणाऱ्यासाठी तो चुकीचा खर्च आहे. क्रोमबुकचंही तेच.

आता आपल्या भागाचा प्रश्न. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावा, असं बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात लिहितात. म्हणजे पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता तो संथ चालत असेल तर बिघाड नसतो, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत असतो. गादीवर किंवा गोधडीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते आणि तो आणखी तापतो. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे कापसाचे तंतू आणि धूळ पंख्यात साचते, वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यायलाच हवा. त्यामुळे खानदेशात ‘जितका पातळ तितका चांगला’ हा समज जरा बाजूला ठेवावा. खाली मोकळी जाळी आणि दमदार पंखा असलेला थोडा जाड लॅपटॉप इथे जास्त टिकतो.

‘सतत चार्जिंगला लावला की बॅटरी फुगते’ यात अर्धंच तथ्य आहे. बॅटरी भरली की सर्किट चार्जिंग आपोआप थांबवतं. लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते ती उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं, या दोन्हींमुळे. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, उन्हाळ्यात ती चालू करा. जाहिरातीतल्या ‘दहा तासां’वर विसंबू नका, ते मंद उजेडावर मोजलेले असतात. वॉट-अवरचा आकडा पाहा: ४२ आणि ६० यांत वीज गेल्यावरच्या अभ्यासाचा बराच वेळ आहे. स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका, लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा. धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा.

ऑनलाइन घेतलेल्याला वॉरंटी मिळत नाही, हेही चूक. वॉरंटी कंपनीची असते आणि ती सिरियल नंबरवर चालते. खरा प्रश्न वेगळा आहे: ‘ऑनसाइट’ सेवेत धरणगाव बसतं का? कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून पाहा, नाहीतर दुरुस्तीला जळगावच्या फेऱ्या ठरलेल्या. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. सोबत मिळणारं ऑफिस एका वर्षाचं आहे की कायमचं, हेही तिथेच विचारा. दुकान किंवा आडत असेल आणि लॅपटॉप धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक टाकून बिल घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

एकच सल्ला मागितला तर मी म्हणेन, बहुतेक विद्यार्थ्यांना अलीकडच्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा सहा कोअरचा रायझन फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि दीड-पावणेदोन किलोचं वजन पुरेसं आहे. उरलेले पैसे वॉरंटी वाढवायला ठेवा. आणि प्रवेशाच्या गडबडीत घाई करू नका. कॉलेज सुरू होऊ द्या, सरांकडून सॉफ्टवेअरची यादी घ्या, ती खिशात घालून मगच दुकानात जा.