माळ्यालाही वारा हवा

मैत्रिणींनो, कौल फुटलं की गळतं, ते लगेच कळतं. पण न गळताही माळा ओला होतो, बरं का! कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. पावसानं गार पडलेल्या कौलांना स्वयंपाकघरातली वाफ आतून लागते, तिचं पाणी होतं आणि ते वाशांत मुरतं. पूर्वी चुलीची धग माळा कोरडा ठेवी. आता बहुतेक घरी गॅस आला. त्यात गळतीला कंटाळून आपण कौलांखाली प्लॅस्टिक ठोकतो! मग ओल कोंडते, बुरशी येते, वाळवीचं फावतं. म्हणून समोरासमोरचे झरोके मोकळे ठेवा. गोधड्या भिंतीपासून दूर, फळीवर रचा. उघडीप मिळताच वाशांना सुरी टोचून पाहा. सहज रुतली तर सुताराला बोलवाच. वासा आतून कुजतो, वरून दिसत नाही, आणि खाली मुलं निजलेली असतात.