पंगत उठल्यावर : भांडी हाताने घासावीत की यंत्राने?

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. आमच्या नांदेड, लातूर, परभणीकडे या सणाचा थाट दिवाळीहूनही अधिक. पूजनाच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आंबील, कढी, फुलोरा आणि आप्तेष्टांच्या पंगतीवर पंगती. या नैवेद्याचे वर्णन पुष्कळांनी पुष्कळ वेळा केले आहे. परंतु शेवटची पंगत उठल्यावर मोरीपाशी जो भांड्यांचा डोंगर उभा राहतो, त्याकडे लेखकांची दृष्टी सहसा वळत नाही. ती वळते घरातील सुनेची. कारण तो डोंगर तिलाच उपसावयाचा असतो.

अलीकडे या डोंगराला एक नवा पर्याय निघाला आहे. पुण्या-मुंबईस अथवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र असते. मुदखेड जंक्शनावर उतरून सणाला घरी आलेल्या सुना त्याच्या गोष्टी सांगतात. मग कीर्तन आटोपल्यावर कोणी माउली हळूच विचारते, “महाराज, त्या पेटीत धुतलेली भांडी नैवेद्याला चालतात का हो?” तिच्या मागे उभी असलेली सून विचारते, “हातानेच घासली तर जास्त पुण्य लागते का?” दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार थोडा विस्ताराने करू.

यंत्राची जन्मकथा

हे यंत्र आजकालचे नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या एक संपन्न गृहिणी होत्या. मेजवानीनंतर नोकरमाणसांच्या हातून त्यांच्या मौल्यवान चिनीमातीच्या बश्यांचे टवके उडत. त्या काळजीतून त्यांनी पाण्याच्या फवाऱ्याने भांडी धुणारे यंत्र रचले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळविले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच वर्षी, त्याच नगरीत, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर रोजी स्वामी विवेकानंद बोलावयास उभे राहिले होते. एकाच मेळ्यात एकीकडे वेदान्ताचा उद्घोष आणि दुसरीकडे भांडी घासण्याचे यंत्र! या योगायोगात मला तरी विसंगती दिसत नाही. चित्ताची शुद्धी आणि पात्राची शुद्धी या दोहोंचा विचार आपल्या ऋषींनीही एकत्रच केला आहे.

यंत्राचे कार्य थोडक्यात असे. आत जाळीदार मांडण्या असतात. त्यांवर भांडी पालथी लावून दार बंद केले की पन्नास ते सत्तर अंशांपर्यंत तापविलेले पाणी फिरत्या नळ्यांतून जोराने उडते. क्षारयुक्त चूर्ण स्निग्धता सोडविते, पुढे स्वच्छ पाण्याने भांडी खळबळून निघतात आणि उष्णतेने वाळतात. हाताला सोसणार नाही इतके पाणी तापविता येते, हेच त्याचे मुख्य बळ. मात्र त्याला घासणे येत नाही. तळाशी करपलेल्या खिरीचे पातेले त्याच्या स्वाधीन केले, तर ते जसेच्या तसे बाहेर येण्याचा संभव फार.

धर्मशास्त्राची कसोटी

आता शास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात रत्ने, दगडाची पात्रे व धातू यांस भस्म, पाणी आणि माती सांगितली आहे. ज्याला काही चिकटलेले नाही असे सुवर्णपात्र केवळ पाण्याने शुद्ध होते. तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील व शिसे यांना क्षार, आम्ल आणि पाणी यांपैकी ज्याला जे योग्य ते वापरावे. आपली आजी राखेने कढई आणि चिंचेने तांब्या घासत असे, ती याच विधानाची गृहिणीने चालविलेली परंपरा होय. राखेत क्षार असतो, तो तेलातुपाला सोडवितो; चिंचेत आम्ल असते, ते तांब्यावरील काळा थर विरघळविते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही याहून वेगळे उत्तर मिळावयाचे नाही.

याच प्रकरणात पुढे यज्ञपात्रांचा विचार आहे, आणि तो आपल्या प्रश्नाला फार जवळचा आहे. यज्ञकर्मात पात्रांचे मार्जन हाताने करावे असे तेथे सांगितले आहे. परंतु ज्यांतून तूप वाहिले जाते त्या स्रुक्, स्रुवा आणि हविष्यान्न शिजविण्याची पात्रे यांची शुद्धी उष्णोदकाने सांगितली आहे. तुपाचा ओशटपणा थंड पाण्याला दाद देत नाही, त्याला उष्णताच हवी, हे त्या शास्त्रकारांनी नेमके हेरले होते. यंत्राच्या पोटात जे घडते त्याचे तत्त्व हेच.

शुद्धी झाली हे ओळखावे कसे? तेथेही मनूने संदिग्धता ठेवलेली नाही. अमेध्य पदार्थाचा गंध आणि लेप जोवर निघून जात नाही, तोवर माती व पाणी वापरीत राहावे, हा सर्व द्रव्यशुद्धींचा सामान्य नियम आहे. म्हणजे कसोटी गंधाची आणि लेपाची. वास गेला, चिकटपणा गेला, की पात्र शुद्ध. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या स्मृतीवरील सुप्रसिद्ध मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्य नरेश सहावा विक्रमादित्य याच्या राजधानीत, कल्याण येथे, लिहिली. ते कल्याण म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारचे आजचे बसवकल्याण. ज्या भूमीत या विषयाचा एवढा सूक्ष्म ऊहापोह झाला, तेथील लोकांनी यंत्राच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही.

तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर असे : जेवणाची ताटे, वाट्या, पेले, पातेली यंत्रातून गंधलेपरहित निघत असतील तर ती शुद्धच समजावीत. सोवळ्याची विशेष चाड असेल त्यांनी नैवेद्याची पात्रे आणि उष्टी ताटे एकाच वेळी यंत्रात घालू नयेत. परंतु देवघरातील उपकरणी, समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, चांदीचा करंडा ही मात्र हातानेच घासावीत. याला श्रद्धेचे कारण आहे तसेच व्यवहाराचेही. यंत्रातील तीव्र क्षाराने तांबे-पितळ काळवंडते, चांदीची झळाळी जाते, ॲल्युमिनियम निस्तेज होते. कल्हईची भांडी, लाकडी पोळपाट आणि बिडाचा तवा यांनाही ते मानवत नाही. देवाची उपकरणी आणि यंत्र यांचे जमत नाही, हे धातूनेच सांगून ठेवले आहे.

पाण्याचा हिशेब

मराठवाड्यात कोणताही प्रश्न अखेरीस पाण्यापाशी येऊन ठेपतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून पाण्याची आगगाडी आणावी लागली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात भांडी घासलेले पाणी परसातील तुळशीला आणि कढीलिंबाला घालणाऱ्या गृहिणींना पाण्याचे मोल कोणी शिकवावयास नको.

जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या लोकांना बारा माणसांची भांडी हाताने धुवावयास लावून मोजमाप केले. सरासरी पाणी लागले सुमारे शंभर लिटर, आणि वेळ गेला तासाहून अधिक. आधुनिक यंत्राला तेवढ्याच भांड्यांना दहा ते पंधरा लिटर पाणी आणि साधारण एक युनिट वीज पुरते. हा आकडा ऐकून कोणीही यंत्राचा जयजयकार करील. परंतु थांबावे. ते लोक बहुधा वाहत्या नळाखाली भांडी धुणारे होते. २०२० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात असे आढळले की, एका भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात घासावे आणि दुसऱ्यातील थंड पाण्यात विसळावे, तर वातावरणात सोडल्या जाणाऱ्या दूषित वायूंच्या दृष्टीने हात यंत्रावरही मात करतो. आता हे दोन भांड्यांचे तंत्र म्हणजे आपल्या अंगणातील दोन घमेली नव्हेत काय? एकात घासणे, दुसऱ्यात विसळणे! आपल्याकडे ही पद्धत टंचाईने शिकविली.

उलट यंत्र अर्धे रिकामे चालविले, किंवा आधी नळाखाली भांडी धुऊन मग यंत्रात घातली, तर पाणीही जाते आणि वीजही. शिवाय आमच्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचे पांढरे डाग भांड्यांवर आणि यंत्राच्या पोटात बसतात. ते टाळण्यासाठी यंत्रात वेगळे मीठ भरत राहावे लागते. यंत्राची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात आणि ऐन सणाला वीज गेली की सारा खेळ थांबला, हेही ध्यानात असू द्यावे.

सेवा कोणाची, कष्ट कोणाचे?

आता दुसरा प्रश्न, पुण्याचा. तो पाण्याहून खोल आहे.

पात्र आणि परमेश्वर यांची गाठ आपल्या परंपरेत जागोजागी पडते. दुर्वास ऋषी शिष्यांसह वनात आले तेव्हा द्रौपदीच्या थाळीच्या काठाला चिकटलेला भाजी-भाताचा कण श्रीकृष्णाने मुखी घातला आणि त्रैलोक्य तृप्त झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने ही कथा मुख्य संहितेत घेतली नाही, पण कीर्तनातून ती कोणी काढू शकलेले नाही. ती सांगताना श्रोत्यांना आम्ही हसून म्हणतो, द्रौपदीपाशी हे यंत्र असते तर तो कण उरला नसता आणि पांडवांची धडगत नव्हती! राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम पत्करले, असे सभापर्व सांगते. त्याने उष्ट्या पत्रावळीही उचलल्या, अशी भर भक्तांच्या प्रेमाने घातली. पैठणास नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरीत राहिला, ही आख्यायिका तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात लंगर चालतो. तेथे मोठ्या घरची माणसेही बाह्या सारून उष्टी ताटे घासावयास बसतात. तेथे ताट स्वच्छ होते आणि घासणाऱ्याचा अहंकारही. हे काम यंत्राने केले तर ताट तेवढे स्वच्छ होईल. म्हणून अन्नछत्रात, सप्ताहाच्या काल्याच्या महाप्रसादात, जेथे मनुष्य आपखुशीने सेवेस उभा राहतो, तेथे हाताचे माहात्म्य निराळे आहे, ते जपावे.

परंतु या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. श्रीकृष्णाने, श्रीखंड्याने, लंगरातील सेवकाने ते काम स्वेच्छेने अंगावर घेतले. जे काम दुसऱ्यावर लादले जाते त्याला सेवा म्हणण्याचा अधिकार लादणाऱ्याला नाही. येथे संत जनाबाईंचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. गोदातीरी गंगाखेडची ही लेक नामदेवरायांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, सारे तिच्या वाट्याला. पांडुरंगाने काय केले? “तुझे कष्ट पवित्र आहेत, ते असेच चालू दे,” असे सांगून तो विटेवर उभा राहिला नाही. तो खाली उतरला आणि तिच्या जात्याच्या खुंट्याला त्याने हात घातला. कष्टणाऱ्या बाईचा भार हलका करणे हेच देवाचे काम होते, हा या कथेचा अर्थ मला सर्वांत मोठा वाटतो.

कीर्तनाला उभा राहिलो की मला समोरचा सभामंडप दिसतो. सणाच्या रात्री पूर्वरंगाच्या वेळी स्त्रियांची बाजू निम्मी रिकामी असते. उत्तररंगात आख्यान रंगते तेव्हा ओल्या पदराला हात पुशीत काहीजणी येऊन कडेला बसतात, तोवर आरतीची वेळ झालेली असते. ज्यांनी पहाटेपासून महालक्ष्म्यांसाठी राबावे, त्यांनाच देवीची कथा ऐकावयास मिळू नये, हा कोणता धर्म? ज्या घरी यंत्राने ती दोन तासांची मोकळीक मिळत असेल, त्या घरी यंत्र अवश्य यावे. गुडघे धरलेल्या सासूला आणि कंबर मोडून गेलेल्या सुनेला हाताने घासण्याचे पुण्य शिकविणे, हे पुण्यकर्म खचित नव्हे.

तथापि आणखी एक माणूस विसरता कामा नये. पुष्कळ घरी भांडी घासावयास बाई येते. २०२० च्या टाळेबंदीत तिचे येणे थांबले आणि शहरांतून या यंत्राची मागणी वाढली. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा. पण यंत्र आले म्हणून वर्षानुवर्षे दाराशी येणाऱ्या बाईला एका दिवसात नको म्हणणे, यावर कायद्याचा नव्हे, आपल्या विवेकाचाच अंकुश हवा. सणाला तिलाही पंगतीत पाट मांडावा, आणि पूजनाच्या दिवशीची तिची वाढीव मजुरी ओटीबरोबर तिच्या हाती द्यावी.

आणि ज्यांच्या घरी ना यंत्र, ना बाई? अशी घरे आमच्या भागात बहुसंख्य आहेत. त्यांना एक जुना उपाय सुचवितो. वाचकहो, पंगत उठली की पुरुषांनी विड्याचे ताट पुढे ओढण्याआधी आपापले ताट उचलावे. मुलांनी खरकटे काढावे, कर्त्या पुरुषाने दोन घमेली भरून द्यावीत आणि एकात घासावे, दुसऱ्यात विसळावे. चार जोड हात लागले तर तो डोंगर तासाभरात सपाट होतो. या उपायाला वीज लागत नाही, मीठ लागत नाही, आणि पांडुरंगाने जनाबाईच्या घरी तो अगोदरच करून दाखविला आहे. महालक्ष्म्यांचे पूजन ज्या घरात होते, त्या घरातील लक्ष्मीला कथेच्या वेळी सभामंडपात पुढे जागा मिळावी. भांडी मग हाताने घासा की यंत्राने, ती शुद्धच होतील.