तेल नेमके कोठून गळते?

गळीत हंगामात माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर फुफाटा उडतो. तो मोटारसायकलच्या तेलकट इंजिनावर बसला, की गळतीचे मूळच झाकले जाते. मग थेंब दिसेल तेथला बोल्ट आवळला जातो. पण वर झिरपलेले तेल धातूला चिकटून, फटींतून केशाकर्षणाने सरकत तळाशी लोंबते! हेच तेल मागच्या चाकावर गेले तर गाडी घसरेल.

गार इंजिन पुसून कोरडे करा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि उघड्यावर पाच मिनिटे चालू ठेवा. तापलेले तेल पातळ होते. पावडर प्रथम भिजेल तेथे दोष. इंजिन गार झाल्यावर तेथल्या झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे आवळा. फार जोर केलात तर ॲल्युमिनियमचे आटे जातात (आणि मग मेकॅनिकचे दार!). तरीही पाझरले तर इंजिनाची श्वासनळी पाहा. ती तुंबली, की आतल्या वायूचा दाब तेलाला सांध्यातून बाहेर ढकलतो. नळी मोकळी असेल, तर गॅस्केट बदला.