पंधराशे रुपयांमागचा कायदा

वर्ध्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात येणाऱ्याच्या काखेत एक फाईल असते. आधार, दहावीची सनद आणि सगळ्यात वर ऑनलाइन भरलेल्या पैशांची पावती. मोठ्या माणसाच्या छत्तीस पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. इथे फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतात, कागद तपासतात. मंजुरी येते नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयातून.

हे १५०० ठरवले कोणी?

१९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्यासाठी कायदाच नव्हता. सतवंत सिंग साहनी या व्यावसायिकाचे पासपोर्ट सरकारने परत मागितले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो हिरावता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार अर्जासोबत ठरलेलं शुल्क भरायचं, आणि चोविसाव्या कलमाने शुल्काचे नियम करण्याचा अधिकार केंद्राला दिला. हे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. आजचे दर १९८० च्या पासपोर्ट नियमांच्या अनुसूचीत आहेत. १००० चे १५०० झाले ते २०१२ मध्ये.

परदेशातल्या वकिलातीचंही तसंच. आर्वीकडच्या शेतीचं मुखत्यारपत्र दुबईत साक्षांकित करून घ्यायचं, तर तिथल्या भारतीय वकिलातीत शुल्क भरावं लागतं. त्याला आधार १९४८ च्या कायद्याचा. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी द्यायच्या शपथा आणि घ्यायचं शुल्क, दोन्ही त्यात आहे.

कर आणि शुल्क यांतला फरक वर्ध्याला तरी नवा नसावा. सेवाग्रामला येऊन राहण्याच्या कितीतरी आधी, १९१३ मध्ये, गांधीजी दक्षिण आफ्रिकेत तीन पौंडांच्या कराविरुद्ध लढले होते. गिरमिट संपलेल्या भारतीय मजुराने केवळ तिथे राहतो म्हणून तो भरायचा. बदल्यात सेवा कसलीच नाही. १९१४ मध्ये तो रद्द झाला. शुल्काचं तसं नसतं. शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की शुल्क हा दिलेल्या सेवेचा मोबदला असतो. म्हणूनच पासपोर्टसाठी पैसे घेणाऱ्याने वेळेवर, नीट सेवा द्यायची बांधिलकीही घेतलेली असते. पावती हातात असलेल्याने ती हक्काने मागावी.

नव्या पासपोर्टला साठीपुढच्यांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना १० टक्के सवलत आहे. नातवाला भेटायला निघालेल्या आजीला १३५० रुपयेच पडतात. पोलीस पडताळणीसाठी अर्जदाराने वेगळा एक पैसाही द्यायचा नसतो. कोणी मागितलाच, तर कोणत्या नियमाने, ते विचारा आणि पावती मागा.