पिंपळावरचा मुंजा आणि मुलांची एक कविता

आमच्या विहाराच्या अंगणात एक पिंपळ आहे. विहार बांधला तेव्हा वस्तीतल्या ज्येष्ठांनी तो बोधिवृक्ष म्हणून लावला. दर पौर्णिमेला त्याच्या पारावर मेणबत्त्या लागतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रविवारचा बालसंस्कार वर्ग संपत आला असताना लाईट गेली. सात वर्षांची एक मुलगी मोठ्याने रडू लागली. घरी जायला उठली, पण अंगणात पाऊल टाकेना. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "पिंपळावर मुंजा असतो."

आम्ही कार्यकर्ते एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमांना सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्याच वृक्षाला आपल्या घरातले मूल भीत होते. वर्गात त्रिशरण, पंचशील पाठ करून घेण्यात आम्ही कमी पडलो नव्हतो. पण दिवे गेल्यावर तिला आठवला तो मुंजा.

त्या दिवशी आमचीही चूक झाली. आमच्यापैकी एकाने सगळ्यांसमोर तिला सांगितले, "अगं, आपण बौद्ध आहोत. बौद्धांची मुलं भुताला भीत नाहीत." बाकीची मुले हसली. पुढच्या रविवारी ती रडली नाही, काही बोललीही नाही. आम्हाला वाटले, भीती गेली. महिन्याभराने तिच्या आजी भेटल्या आणि म्हणाल्या, "पोरगी रात्री लघवीलासुद्धा उठत नाही. अंथरूण ओलं होतं. पण वर्गात कुणाला सांगू नको म्हणते." म्हणजे भीती होती तिथेच होती. आम्ही तिच्यावर फक्त लाजेचा आणखी एक थर चढवला होता.

मुलांना अंधाराच्या भीतीवर कविता शिकवायची, हे आम्ही त्यानंतर ठरवले. ती कशी तयार झाली आणि कशी शिकवावी, हे इतर विहारांतील तरुणांना उपयोगी पडेल म्हणून इथे सांगत आहोत.

भीती कुठून येते?

साधारण तिसऱ्या वर्षापासून मुलांची कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते. मनात आलेले चित्र आणि प्रत्यक्ष वस्तू यांतला फरक मात्र त्यांना अजून नीट कळत नसतो. म्हणून या वयात अंधाराची भीती वाटणे स्वाभाविक आहे. तो भित्रेपणा नाही आणि संस्कारांचा अभावही नाही. बहुतेक मुलांची ही भीती वय वाढते तशी ओसरते.

त्यात डोळ्यांचाही भाग आहे. आपल्या डोळ्यांत उजेडात आणि रंग पाहण्यासाठी शंकू पेशी, तर मंद उजेडात पाहण्यासाठी दंड पेशी असतात. उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर दंड पेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तोपर्यंत वस्तू अर्धवट दिसतात आणि उरलेले चित्र मन पुरे करते. खुंटीवरचा सदरा माणूस होतो तो असा.

पण त्या माणसाला 'मुंजा' हे नाव मूल स्वतः देत नाही. ते नाव मोठी माणसे देतात. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, झोपत नाही म्हणून हडळ, संध्याकाळी बाहेर जाऊ नये म्हणून पिंपळावरचा मुंजा. आपले काम दोन मिनिटांत होते, पण मुलाच्या मनात ते नाव वर्षानुवर्षे राहते.

ही नावे कुणाची आहेत हेही तरुणांनी पाहिले पाहिजे. लोकसमजुतीत मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. जिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तिलाच मेल्यावर लोकांनी भयंकर ठरवले. भुतांचे पत्तेही बघा: स्मशान, ओढा, वेशीबाहेरची वाट. वेशीबाहेर तर आपली वस्ती होती. आपल्यातील अनेकांच्या पणजोबांना वेसकर म्हणून रात्री गावाचा पहारा करावा लागे आणि मयताचा सांगावा घेऊन अंधारात गावोगाव चालत जावे लागे. ती जातीने लादलेली चाकरी होती, तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण ज्या व्यवस्थेने आपल्याला अंधारात चालायला लावले, तिच्याच भुतांना आपल्या मुलांनी भ्यावे, हे आता थांबले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मृत्यूनंतर भटकणाऱ्या, भुकेल्या आत्म्याची कल्पनाच आपण तिथे सोडून दिली. मग तोच आत्मा मुलाला झोपवण्यासाठी घरात परत का आणायचा?

आमची कविता

कविता आम्ही आणि मुलांनी मिळून केली. काही ओळी मुलांच्याच तोंडच्या आहेत.

लाईट गेली, अंधार झाला,
पोटामध्ये गोळा आला.
थांब जरा, घे श्वास खोल,
एक, दोन, तीन हळूच बोल.

खुंटीवरती कोण गं बाई?
बाबांचा सदरा, दुसरं नाही.
खिडकीपाशी काय सळसळलं?
पिंपळाचं पान वाऱ्यानं हललं.

सूर्य गेला पलीकडे,
पृथ्वीची सावली आपल्याकडे.
सावलीला का भ्यायचं?
बॅटरी घेऊन बघायचं!

यात 'मी भीत नाही' अशी ओळ मुद्दाम ठेवलेली नाही. पहिल्या कडव्यात मूल भीती वाटल्याचे सांगते आणि त्याला कुणी हसत नाही. आधी कबुली, मग श्वास, मग तपासणी, आणि शेवटी कारण समजून घेणे असा क्रम आहे.

कशी शिकवावी?

एका रविवारी एकच कडवे घ्यावे. पाठांतराची घाई करू नये. प्रत्येक कडव्याबरोबर एक कृती असावी, नाहीतर कविता स्नेहसंमेलनापुरती उरते.

पहिल्या कडव्याला मुलांना पाठीवर झोपवून पोटावर हात ठेवायला सांगावे. श्वास आत गेला की हात वर येतो, बाहेर गेला की खाली जातो. आनापानसतीची एवढी ओळख या वयाला पुरते. त्याआधी आमच्यातील एका मोठ्या माणसाने लहानपणी आपण कशाला भीत होतो ते सांगितले. मग मुलांची रांगच लागली. कुणी पाण्याच्या टाकीला, कुणी शेजारच्या बंद घराला भीत होते.

दुसऱ्या कडव्याला खेळ घ्यावा. दुपारीच खिडक्या लावून खोली थोडी अंधारी करावी. दार मात्र उघडे ठेवावे. खुंटीवर सदरा, कोपऱ्यात केरसुणी, खुर्चीवर उशी ठेवावी. मुलांनी आधी काय दिसते ते सांगायचे, मग जवळ जाऊन हात लावायचा. पहिल्या दिवशी केरसुणी 'म्हातारी' होती. हात लावल्यावर सगळी खो-खो हसली. ज्याला यायचे नाही त्याने दारातूनच पाहावे. पुढच्या वेळी ते मूल आपणहून दोन पावले आत येते.

तिसऱ्या कडव्याला एक चेंडू आणि बॅटरी पुरते. चेंडूवर आपल्या गावाच्या जागी टिकली लावावी आणि चेंडू हळूहळू फिरवावा. टिकली उजेडातून सावलीत गेली की रात्र, पुन्हा उजेडात आली की सकाळ. रात्र म्हणजे आपणच पृथ्वीच्या सावलीत बसलेले असतो, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

घरी पालकांना एकच काम द्यावे: मुलाबरोबर रोज अंधारात थोडा वेळ बसून आवाज ओळखणे. पंखा, बेडूक, दूरची रेल्वे, शेजारच्यांचा टीव्ही. आवाजाला खरे नाव मिळाले की त्याची भीती कमी होते.

तथागतांनाही भय वाटले होते

आठ-दहा वर्षांच्या मुलांना आम्ही मज्झिम निकायातील भयभेरव सुत्ताची गोष्ट सांगतो. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाशी बोलताना तथागत संबोधीपूर्वीचा आपला अनुभव सांगतात. पंधरवड्यातल्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या रात्री ते मुद्दाम अशा वनांत आणि वृक्षांच्या ठिकाणी जाऊन राहत, जिथे लोकांच्या अंगावर काटा येई. रात्री एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी आणि मनात भय उभे राही. तेव्हा चालत असतील तर चालतच, बसले असतील तर बसूनच ते त्या भयाला सामोरे जात. भय शमेपर्यंत ते ती स्थिती बदलत नसत. त्याच सुत्तात ते सांगतात की रात्रीला ते रात्रच समजत आणि दिवसाला दिवसच.

मुलांना यातले सर्वांत जास्त काय भावते, तर सिद्धार्थालाही भीती वाटली होती, ही गोष्ट. "मग त्यांनी काय केलं?" हा प्रश्न दर वेळी येतो. ते पळाले नाहीत, मंत्रही म्हटला नाही. आवाज कशाचा आहे ते पाहिले आणि मनात काय चालले आहे तेही पाहिले.

काही तरुण विचारतात, पाली साहित्यात यक्ष आणि प्रेतांच्या कथा आहेतच की. आहेत. त्या त्या काळाच्या लोकसमजुती म्हणून वाचाव्यात. बुद्धवचन कोणते हे ठरवताना ते बुद्धीला आणि तर्काला धरून आहे का हे पाहावे, अशी कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. लहान मुलांच्या वर्गात ती आपण वापरलीच पाहिजे.

काही गोष्टींची काळजी

धीट बनवण्यासाठी मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नये, स्मशानात नेऊ नये, पैजा लावू नयेत. त्याने भीती वाढते आणि मोठ्यांवरचा विश्वास जातो.

भूत खोटे आहे म्हणून अंधारातला धोका खोटा नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याच्या घटना घडतात. विहीर, उघडे गटार, तुटलेली तार हेही खरेच आहे. म्हणून कवितेत बॅटरी आहे. रात्री बाहेर जाताना पायात चप्पल, हातात बॅटरी आणि सोबत मोठे माणूस हवे, हे कवितेबरोबरच शिकवावे.

संध्याकाळ झाली की मूल सतत अडखळत असेल तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो. आधी न भिणारे मूल अचानक अंधाराला, एखाद्या जागेला किंवा एखाद्या माणसाला भिऊ लागले, तर त्याला कविता म्हणायला लावू नये. त्याला जवळ घेऊन शांतपणे ऐकावे. त्या भीतीमागे खरीच घटना असू शकते. गरज वाटल्यास १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. भीतीमुळे महिनोन्महिने झोप किंवा शाळा बिघडत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भगताकडे किंवा बाबाकडे तर मुळीच जाऊ नये.

ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिची भीती एका कवितेने एका दिवसात गेली, असे आम्ही म्हणणार नाही. आधी ती आजीचा हात धरून पारापर्यंत आली, मग आजी दारात उभ्या राहिल्या आणि ती एकटी आली. गेल्या वैशाख पौर्णिमेला पारावरच्या मेणबत्त्या तिने लावल्या. वाऱ्याने पाने सळसळली तेव्हा शेजारचा एक लहान मुलगा तिला बिलगला. ती त्याला हसली नाही. "पोटात गोळा आला का?" असे तिने विचारले आणि बॅटरी त्याच्या हातात दिली.

तुमच्या विहारात वर्ग असेल तर या रविवारी मुलांना फक्त एवढेच विचारा: तुम्हाला कशाची भीती वाटते? आणि उत्तर ऐकताना हसू नका. कविता त्यानंतर तुमची तुम्हीच करा, तुमच्या वस्तीतल्या शब्दांत.

नमो बुद्धाय! जय भीम!