गांव, आडनांव आणि हिस्लॉप

कामरगांवांत राहणाऱ्यास तेथें कोणी कामरगांवकर म्हणून हाक मारीत नाहीं. तेथें सगळेच कामरगांवचे. त्या नांवानें एकास दुसऱ्यापासून वेगळें कसें ओळखावें? परंतु त्याच गांवचा गृहस्थ अमरावतीस बिऱ्हाड करून राहिला, कीं शेजारीपाजारी त्यास सहजच कामरगांवकर म्हणूं लागतात. यावरून असें दिसतें कीं, गांवाचें नांव मनुष्यास चिकटतें तें बहुधा त्यानें गांव सोडल्यावर.

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस इंग्रजी आडनांवें ऐकून हसूं येतें. 'यांस अर्थ तरी आहे काय?' असें ते विचारतात. म्हणून अशा एका आडनांवाचा अर्थ व उपयोग येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत आडनांवें साधारणपणें अकराव्या शतकापासून पुढें हळूहळू स्थिर होत गेलीं. अमुक गांवचा जॉन, तमुक गांवचा विल्यम, असें प्रथम म्हणत. पुढें मधला 'चा' या अर्थाचा शब्द गळाला व नुसतें गांवाचें नांव उरलें. आपण 'कर' जोडतों, ते कांहींच जोडीत नाहींत, एवढाच काय तो भेद. न्यूटन या आडनांवांतील 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजींत कुंपणाच्या आंतील वस्ती. तेव्हां न्यूटन म्हणजे नवी वस्ती. आपल्याकडे नवेगांवकर असतात, तसेच हे!

आतां आपल्या विदर्भास परिचित असलेलें हिस्लॉप हें नांव घेऊं. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेकडील हें आडनांव आहे. त्याचा पूर्वभाग हेझल नांवाच्या झाडाचा वाचक असून, उत्तरभागाचा अर्थ डोंगरांनीं वेढलेली लहान दरी असा आहे. हेझलच्या झाडास कठीण कवचाचीं, खाण्याजोगीं फळें येतात. अर्थात् हिस्लॉप म्हणजे हेझलच्या दरींतला. झाडांवरून आपल्याकडे पिंपळगांव, वडगांव अशीं गांवें झालीं व त्यांवरून आडनांवेंही झालीं, त्यांतलाच हा प्रकार.

या आडनांवाचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८१७ सालीं स्कॉटलंडांतील डन्स येथें जन्मले व १८४५ सालीं मिशनरी म्हणून नागपुरास आले. त्यांनीं मुलांसाठीं शाळा काढली; येथील खडकांचा, जीवाश्मांचा व वनवासी लोकांच्या भाषांचा अभ्यास केला. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना १८६३ सालच्या सप्टेंबरांत वाटेंतल्या नाल्याच्या पुरांत बुडून त्यांचा अंत झाला. पुढें १८८३ सालीं नागपुरास कॉलेज निघालें, त्यास त्यांचें नांव मिळालें. कॅल्साइट या खनिजाच्या एका हिरव्या प्रकारासही हिस्लोपाइट असें म्हणतात.

येथें भाषेची एक मौज पाहा. नागपूरचा विद्यार्थी 'मी हिस्लॉपला जातों' असें म्हणतो. 'पुण्याला जातों' म्हणावें, तसेंच हें. एका दरीचें नांव माणसास मिळालें होतें. तें माणसावरून पुनः स्थळास मिळालें! अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिचेंही असेंच. इंग्लंडांतील डरहॅम परगण्यांतल्या एका गांवाचें नांव एका घराण्यानें घेतलें, त्या घराण्यांत जॉर्ज वॉशिंग्टन झाले व त्यांचें नांव शहरास दिलें गेलें.

आपल्याकडील उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सकपाळ. कोंकणांतील आंबडवे या गांवावरून आंबडवेकर झालें व पुढें शाळेंत आंबेडकर झालें. कोंकणाबाहेर त्या लहान गांवाची वार्ताही फारशी नव्हती. आज त्यावरून झालेलें नांव जगभर पोंचलें आहे.

यावरून पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाचें नांव शाळेंत घालतांना आडनांव स्वच्छ व अचूक लिहून द्यावें आणि पटावर तसेंच उतरलें आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. तेथें उतरलेलें अक्षर पुढें जन्मभर सोबत राहतें.

विद्यार्थ्यांस सांगणें तें हें कीं, कोणाच्याही आडनांवास हसूं नका, व त्यावरून कोणाची योग्यताही ठरवूं नका. ज्यांनीं हेझलची दरी कधीं पाहिली नाहीं, अशा सहस्रावधि विद्यार्थ्यांस हिस्लॉप या शब्दाचा अर्थ विद्यालय असाच वाटतो. तो अर्थ कोशांतून आलेला नाहीं. एका मनुष्यानें अठरा वर्षें परक्या मुलखांत केलेल्या कामांतून आलेला आहे. तुमच्यापैकीं कित्येक उद्यां शिक्षणासाठीं वा पोटासाठीं गांव सोडून जातील. त्यांच्याबरोबर त्यांच्या गांवाचें नांवही जाईल. लोकांनीं त्या नांवाचा कोणता अर्थ करावा, हें मात्र त्यांच्याच हातीं राहील.