रानात सापडलेल्या हाडांना नाव कसे मिळते?

सरपणाला, करवंदांना, मोहफुले वेचायला रानात जास्त करून आपणच बायका जातो. म्हणून आज जरा जड विषय घेतला आहे. रानात अनोळखी माणसाचे प्रेत किंवा हाडे सापडली तर पुढे काय होते? आणि मेलेल्याची ओळख कधी पटते, कधी पटत नाही, ते कशामुळे?

आपल्या रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. तिथल्या रानात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. गावच्या पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवले. थोडे नमुने तपासणीसाठी मुंबईला गेले, बाकीचे तिथेच पुरले. पण ना अकस्मात मृत्यूची नोंद झाली, ना खुनाची. तीन वर्षे तो देह बेवारस राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये, दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या एका माणसाच्या जबाबावरून पोलिसांनी ती जागा पुन्हा खणली. हाडांचा डीएनए जुळला आणि हे अवशेष मुंबईच्या शीना बोरा हिचे आहेत, असे तपास यंत्रणांनी सांगितले. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्याला एवढेच पाहायचे आहे की, गावाने कळवले तरी कागदावर नोंद नव्हती आणि मुलगी हरवल्याची नोंदही पोलिसांत नव्हती. मग दोन्ही टोके जुळणार कशी?

आता रीत समजून घेऊ. असे काही दिसले तर हात लावायचा नाही. कपडा, बांगडी, चप्पल, काहीही उचलायचे नाही. पोलीस पाटलांना सांगायचे किंवा ११२ ला फोन करायचा. पोलीस येऊन पंचनामा करतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. अकस्मात मृत्यूची नोंद होते, डॉक्टर तपासणी करतात, घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा दाखल होतो.

नुसती हाडे असली तरी ती बरेच सांगतात. कमरेच्या हाडांवरून बाई की पुरुष ते कळते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. दातांवरून आणि हाडांची टोके जुळली आहेत की नाही त्यावरून वय काढतात. लहानपणी मोडून सांधलेला हात, ऑपरेशनमध्ये बसवलेली पट्टी, काढलेली दाढ, या खुणा राहतात. डीएनए दातांतून आणि मांडीच्या हाडातून मिळू शकतो.

पण मैत्रिणींनो, डीएनएवर नाव लिहिलेले नसते! तो जुळवायला आई, बाप, भावंड किंवा मूल लागते. लेकराचा अर्धा डीएनए आईचा असतो, म्हणून आईच्या रक्ताचा थेंब खूप मोलाचा. पण त्या आईपर्यंत पोलीस पोचणार कसे? तिने मुलगी हरवल्याची नोंद केली असेल तर.

इथेच आपण बायका मागे पडतो. मुलगा हरवला तर गाव शोधते. सून दिसेनाशी झाली तर ‘माहेरी गेली’, लेक दिसेनाशी झाली तर ‘पळून गेली’, आणि अब्रूसाठी सगळे गप्प. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली परतली नाही तरी ‘येईल’ म्हणून वर्ष जाते. ज्या बाईला कोणी शोधतच नाही, तिला मारणाऱ्याला कशाची भीती?

म्हणून हे लक्षात ठेवा. चोवीस तास थांबावे लागते, हा गैरसमज आहे. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. गुन्ह्याचा संशय असेल तर हद्दीचे कारण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर अपहरण समजून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. तक्रारीत फोटो, उंची, गोंदण, जुनी दुखापत, दात, जोडवी, मंगळसूत्राची घडण, ब्लाउजवरचा शिंप्याचा शिक्का, सगळे लिहा. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. ऐकले नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज करा.

घरातले जात नसतील तर गटाने जावे, असे आम्हाला वाटते. बचतीची हजेरी घेतो, तेव्हा गैरहजर बाईपुढे फुली मारून पुढे जातो. दोन बैठकांना कोणी दिसली नाही तर दोघीतिघींनी तिच्या घरी जावे आणि तिच्याशी बोलूनच परतावे. ‘ती आहे कुठेतरी’ एवढ्या उत्तरावर उठू नये. फोन लावून द्या म्हणावे. आवाज ऐकू आला नाही, तर तिथून सरळ पोलीस ठाणे. धाकदपटशा झाला तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

पुढच्या बैठकीत हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे माहेरचे गाव आणि माहेरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून घ्या. एवढे काम या आठवड्यात करूया.